डबल साइड चिकट शीट कापली की दोरे निघतात, सकाळपर्यंत तुकडे परत जुळतात: ब्लेड बदलून उपयोग नाही, हे करून बघा

लग्नसराई जवळ आली की आमच्या घरात एकच भांडण, माझी कात्री कुणी चिकट करून ठेवली. मी बेळगावच्या शहापुरात घरीच रुखवताचे छोटे आयटम, हळदीकुंकवाच्या पाकिटांवरचे टॅग, डब्यावर लावायची नावं असलं करते, ऑर्डरी खानापूर, निपाणीकडनंही येतात, आणि यात सगळ्यात जास्त लागतं काय तर डबल साइड चिकट शीट, ए फोर साइजची, दोन्ही बाजूंना कागद असलेली. टेपचा रोल नाही म्हणत मी, शीट. आता या शीटमधनं एक सेंटिमीटरचे गोल किंवा पाच मिलीमीटरच्या पट्ट्या कापायला बसलं की दरवेळी ठरलेला त्रास. पहिले दहा-बारा कट मस्त जातात, मग ब्लेडला गम धरतो, कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखे दोरे निघतात, रात्री नीट कापून ठेवलेले गोल सकाळी बघितले तर परत एकसंध शीट झालेली, आणि जे सुटे राहिलेत त्यांचा मागचा कागद नखानं काही केल्या निघत नाही, निघाला तर गमही त्याच्याबरोबर येतो.

तीन वर्षं मी दरवेळी कटर बदलत होते. तुम्हीही तेच करत असाल तर थांबा, पैसे वाचतील.

ब्लेडचा दोष आहे की नाही हे बघायला साधी टेस्ट आहे. कट खराब यायला लागला की त्याच ब्लेडनं वर्तमानपत्राचा एक पातळ कागद कापा. कागद ओढला जातोय, फाटतोय असं दिसेल. आता ब्लेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पाठीकडनं धारेकडे पुसा म्हणजे बोट वाचेल, आणि परत तोच कागद कापा. दहापैकी नऊ वेळा कागद परत सुर्रकन कापला जातो. म्हणजे धार गेलेलीच नव्हती, धारेवर गम बसला होता. पुसल्यावरही फाटत असेल तरच कटरच्या ब्लेडचं टोक खाचेवर मोडून नवी धार काढायची. हे मला आमच्याकडच्या रेडियम कटिंगवाल्यानं दाखवलं, मी त्याच्याकडं ब्लेड मागायला गेले तर हातातलं कटर बघून म्हणाला, अक्का, ब्लेड चलो ऐत्री, अंटु हत्तैती. ब्लेड चांगलंय, डिंक लागलाय. तेव्हा राग आला होता की हा विकत द्यायचं सोडून शिकवतोय काय, पण घरी येऊन पुसून बघितलं तर त्याचंच खरं.

आता गम एवढा का त्रास देतो ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं ऐकीव वाटेल. फेव्हिकॉल वाळतो, त्यातलं पाणी उडालं की तो कडक होतो. या शीटमधला गम कधीच वाळत नाही, वाळला तर तो चिकटणारच नाही, तो कायम अर्धवट पातळच असतो, फक्त इतका घट्ट की हळूहळू सरकताना आपल्याला दिसत नाही. काकवी आठवा. काकवीतनं सुरी फिरवली तर मागं रेघ उमटते आणि बघता बघता मिटते. उन्हाळ्यात पटकन मिटते, थंडीत वेळ लागतो. शीटमधल्या गमाचं अगदी हेच, फरक एवढाच की काकवी मिनिटात मिटते आणि हा रात्रभर घेतो. सुरी वर काढताना काकवीची तार येते ना, तेच आपले दोरे. म्हणजे दोरे, परत जुळणं आणि ब्लेडला गम धरणं हे तीन वेगळे प्रॉब्लेम नाहीतच, एकाच गोष्टीची तीन तोंडं आहेत.

परत जुळण्याचं आधी सांगते कारण त्याचा उपाय फुकट आहे. मी काय करायचे, रात्री कामं आवरल्यावर शीट कापून ठेवायचे, कागद गुंडाळायला नको म्हणून वर दोन जाड वह्या ठेवायचे आणि सकाळी चिकटवायला बसायचे. वह्यांच्या वजनानं गम दाबला जाऊन कटच्या फटीत उतरायचा आणि सकाळपर्यंत फट गायब. हे कळायला मला एक आख्खी ऑर्डर घालवावी लागली, दीडशे टॅगचे गोल होते, ओटीच्या पिशव्यांवर लावायचे, सकाळी एकेक परत कापत बसले आणि दुसऱ्या खेपेला कट त्याच रेषेवर पडत नाही त्यामुळं कडा सगळ्या दातेरी. तर नियम असा की ज्या बैठकीत कापाल त्याच बैठकीत फालतू भाग सोलून टाका. चिकटवणं उद्या केलं तरी चालेल, पण आजूबाजूचा उरलेला सांगाडा त्याच वेळी निघाला पाहिजे, म्हणजे तुकड्याच्या कडेला जुळायला शेजारीच उरत नाही. एकावर एक चवड लावू नका आणि वजन तर अजिबात नको. लगेच सोलायला वेळ नसेल तर निदान कापलेली शीट हातानं जरा वाकवून कट उघडे करा आणि तशीच सुटी पसरून ठेवा.

दुसरा उपाय थंडीचा. शीट झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. फ्रीझरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात. गम कडक होतो आणि ब्लेड त्यातनं ओढलं न जाता कापत जातं. पिशवी यासाठी की बाहेर काढल्यावर थंड वस्तूवर दव धरतं, आणि आपल्याकडं जुलैत तर विचारायलाच नको, उघडी शीट काढली की दोन मिनिटांत कागद ओलसर. दव पिशवीच्या बाहेरच धरू द्या, ते पुसा, मग पिशवी उघडा आणि एका वेळी अर्धीच शीट बाहेर घ्या, कारण हातात आली की पाच-सात मिनिटांत ती परत मऊ पडते. सासूबाईंना फ्रीजमध्ये लोण्याशेजारी हा प्रकार ठेवलेला अजून पटलेला नाही पण त्या आता बोलायच्या बंद झाल्यात.

इथं एक गोम आहे. थंड गम चांगला कापतो पण चिकटत नाही. थ्रीएम कंपनीच्या टेपच्या माहितीपत्रकांत लावायचं योग्य तापमान साधारण २१ ते ३८ अंश सेल्सियस दिलेलं असतं आणि १० अंशांच्या खाली लावूच नका असं म्हटलेलं असतं. म्हणजे कापून झालं की तुकडे खोलीत ठेवून पूर्ण नॉर्मल होऊ द्यायचे, मगच लावायचे, आणि लावल्यावर बोटानं किंवा चमच्याच्या पाठीनं दाबायचं, नुसतं टेकवायचं नाही. मला आधी वाटायचं की जानेवारीतल्या ऑर्डरींचे टॅग गळून का पडतात आणि एप्रिलमध्ये कापताना जीव का जातो, शीट तर तीच, दुकानही तेच. बेळगावची सकाळची थंडी आणि दुपारचं ऊन, एवढंच कारण होतं. आता मी थंडीत सकाळी कापते आणि दुपारी चिकटवते, उन्हाळ्यात पहाटे फ्रीजमधनं काढून कापते. लावल्यावरही लगेच ओढून बघायचं नाही, गम पृष्ठभागावर पसरायला वेळ घेतो, एक दिवस जाऊ द्या मग ताकद कळते.

आता कागद निघत नाही त्याकडं वळू, कारण यात बहुतेक जण शीटला शिव्या देतात आणि चूक आपलीच असते. शीटच्या दोन्ही बाजूंचे कागद दिसायला सारखे असले तरी सारखे नसतात. त्यांच्यावर सिलिकॉनचा पातळ लेप असतो म्हणूनच ते गमापासून सुटतात, आणि चांगल्या शीटमध्ये मुद्दामच एका बाजूचा लेप जास्त सुळसुळीत आणि दुसऱ्या बाजूचा कमी केलेला असतो. मी त्यांना सैल कागद आणि घट्ट कागद म्हणते. सैल कागद आधी काढायचा, गम घट्ट कागदावर शांत बसून राहतो, मग तो आपल्या वस्तूवर दाबून चिकटवायचा आणि शेवटी घट्ट कागद काढायचा. उलटं केलं, म्हणजे घट्ट कागद आधी ओढला, की गमाला कळेना कुणाबरोबर जावं, अर्धा इकडं अर्धा तिकडं, मध्येच फाटतो आणि लोळी होते. ओळखायचं कसं, तर शीट कापायच्या आधी एका कोपऱ्यात दोन्ही बाजूंचे कागद थोडे थोडे वेगळे करून बघा. जो आवाज न करता सुटतो तो सैल. काही शीटांत एका कागदावर छपाई किंवा रेघा असतात, पण छपाईची बाजू सैल की घट्ट याचा काही नियम मला सापडला नाही, प्रत्येक पाकिटात एकदा बघून घेते आणि सैल बाजूच्या चारी कोपऱ्यांना पेन्सिलीनं छोटी फुली मारते. कोपऱ्यांना अशासाठी की शीट कापत गेलो तरी कुठली ना कुठली फुली उरते.

आणि आता मुख्य गोष्ट, जी तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. चिकट शीट एकटी कापूच नका. आधी चिकटवा, मग कापा. म्हणजे असं की टॅग जर जाड कागदाचा, कार्डशीटचा असेल तर आख्ख्या कार्डशीटच्या मागच्या बाजूला आख्खी चिकट शीट लावून टाकायची, सैल कागद काढून, मधनं कडेकडे दाबत, हवा न अडकवता. मग सगळं उलटं करून पुढच्या बाजूनं आकार कापायचा. कार्डशीट वर असल्यामुळं ब्लेडला टणक आधार मिळतो, गम मध्ये दाबून धरलेला असतो, दोरे जवळजवळ निघतच नाहीत, आणि सगळ्यात मोठं म्हणजे टॅग आणि गम यांच्या कडा तंतोतंत जुळतात. आधी मी टॅग वेगळे कापायचे, गोल वेगळे कापायचे आणि मग एकावर एक बसवायचे, त्यात निम्मे वाकडे, बाहेर आलेल्या गमाला हळद लागून पिवळी कडा. दुहेरी काम आणि काम घाण.

यात पुढची पायरी हाफ कट. कापताना कार्डशीट आणि गम कापायचा पण तळातला घट्ट कागद कापायचा नाही. मग सगळे टॅग एकाच कागदावर स्टिकरच्या पानासारखे बसतात, आजूबाजूचा सांगाडा एकदम ओढून काढायचा, आणि गिऱ्हाइकाला द्यायचं तरी पान आख्खं देता येतं. हातानं हाफ कट जमायला आठ-दहा शीट खर्ची पडतील, लपवत नाही. हाताचं वजन सारखं पडलं पाहिजे. मी करते ते असं की एकदाच जोर लावण्यापेक्षा हलक्या हातानं तीन वेळा त्याच रेषेवर फिरवते, पहिल्यांदा नुसती खूण पडते, दुसऱ्यांदा कार्डशीट, तिसऱ्यांदा गम, आणि प्रत्येक नव्या जातीच्या कार्डशीटला आधी कडेच्या तुकड्यावर ट्रायल घेते. ट्रायलचा तुकडा उलटा करून उजेडाकडे धरायचा, तळच्या कागदावर ओरखडा दिसला तर ठीक, उजेड आरपार आला तर जोर जास्त झाला.

ब्लेडबद्दल जास्त बोलायचं नाही असं ठरवलं होतं पण थोडं लागतंच. बारीक कामाला मोठं १८ मिलीमीटरचं कटर नको, त्याचं पातं साधारण अर्धा मिलीमीटर जाड असतं, ९ मिलीमीटरच्या छोट्या कटरचं ०.३८. जाड पातं गमाला दोन्हीकडं ढकलत जातं म्हणून कड फुगते. त्याहून बारीक कामाला, गोलाई, अक्षरं, मी मेडिकलमधनं सर्जिकल ब्लेड आणते, ११ नंबर, त्याला ३ नंबरचं हँडल बसतं, टोक सुईसारखं आहे. हे ब्लेड बसवताना काढताना पक्कड वापरा, बोटानं नको, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. मोडत्या ब्लेडची कल्पना मला फार आवडते, जपानमध्ये ओसाकाच्या योशिओ ओकाडा यांनी १९५६ मध्ये ती काढली, कागद कापायच्या कामात धार सारखी जायची म्हणून, फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वडीच्या खाचा या दोन्हींवरनं त्यांना सुचलं म्हणतात. आता आपण त्याच खाचा गमानं भरून टाकतो तो भाग वेगळा. खरंच भरतात, म्हणून पुसताना खाचेतही बोळा फिरवा.

पुसायला काय वापरायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकल किंवा मोबाइल रिपेअरच्या सामानाच्या दुकानात मिळतं, बहुतेक शीटचा गम ॲक्रिलिक जातीचा असतो आणि त्याला हे चालतं. काही स्वस्त शीट, जाड फोमच्या विशेषतः, रबराच्या गमाच्या असतात, पिवळट दिसतात आणि वास येतो, त्या अल्कोहोलला दाद देत नाहीत, त्यांना रॉकेल नाहीतर टर्पेंटाइन. अल्कोहोलसकट हे सगळेच पेट घेणारे पदार्थ आहेत, देवाच्या निरांजनाशेजारी बसून हा उद्योग करू नका, मी करत होते. खोबरेल तेलानंही गम सुटतो आणि कात्रीला तेच बरं पडतं, पण नंतर साबणाच्या पाण्यानं धुवून कोरडी करावीच लागते, कारण ब्लेडवरचं तेल पुढच्या शीटच्या कडेला लागलं की तिथं तो तुकडा चिकटत नाही आणि आपण परत शीटला शिव्या देतो. सिलिकॉन स्प्रे मारा म्हणून कुणीतरी सांगेल, ब्लेड खरंच सुळसुळीत चालतं, पण आत्ताच सांगितलं की कागद गमापासून सुटतो तो सिलिकॉनमुळंच, तेच तुम्ही गमाच्या कडेला लावताय. नको. आणि रुखवताच्या ॲक्रिलिकच्या ताटल्यांवर, रांगोळीच्या प्लेटवर गमाचा डाग राहिला तर नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका, ॲक्रिलिक पांढरं पडून त्याला भेगा येतात, लेझरनं कापलेल्या कडांना तर साध्या अल्कोहोलनंसुद्धा बारीक तडे जातात. तिथं गमाचीच एक गोळी करून तिनं टिपून टिपून काढायचा आणि मग कोमट साबणाचं पाणी.

दर किती कटला पुसायचं हा प्रश्न राहतोच. मी मोजत बसत नाही, कापताना हाताला ओढ लागली की पुसते, शेजारी ओला बोळा बशीत ठेवलेलाच असतो. जाऊबाई मदतीला बसल्या तर त्या दर पाच कटला पुसतात आणि त्यांचं काम माझ्यापेक्षा स्वच्छ असतं, हे इथं लिहून ठेवते.

लहान तुकड्याचा कागद सोलण्याच्या काही युक्त्या. तुकडा आरपार कापायचाच असेल तर कापायच्या आधी आख्ख्या शीटच्या मागच्या कागदावर दर अर्ध्या सेंटिमीटरला ब्लेडच्या टोकानं अगदी हलकी रेघ ओढून घ्यायची, फक्त कागद कापेल इतकी. मग त्यातनं कुठलाही गोल कापला तरी त्याच्या पाठीवर मध्येच एक फट असते, तुकडा जरा वाकवला की फट उघडते आणि कागद तिथनं धरता येतो. कडेनं नखं घासायची गरजच पडत नाही, आणि कडेनं घासल्यानंच तर गम उचलला जातो. हे जमत नसेल तर सेलोटेपचा छोटा तुकडा कागदावर दाबून चिकटवायचा आणि झटक्यात न ओढता तिरका, मागं दुमडत ओढायचा, कागद टेपबरोबर येतो. कागद कुठल्या बाजूनं ओढता यालाही महत्त्व आहे, टोकाकडनं सुरू करा, गोलाला टोक नसतं म्हणून मी गोलांना हल्ली एक छोटं शेपूट ठेवते, वाटाण्याच्या कोंबासारखं, कार्डशीटच्या खाली लपतं.

पावसाळ्याचं वेगळं. झड लागली की मागचा कागद हवेतलं पाणी पितो, फुगतो, गम काही फुगत नाही, मग शीट पापडासारखी वळते आणि मध्ये मध्ये कागद आपोआप सुटून बोगदे दिसायला लागतात. तिथं ब्लेड गेलं की कागद पुढं ढकलला जातो आणि कट वाकडा. शीट आणल्या आणल्या पाकिटासकट मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, सपाट, कपाटात मधल्या फळीवर, भिंतीला टेकवून उभी नाही. मागचा कागद प्लास्टिकसारखा पारदर्शक असलेल्या शीट मिळतात त्या वळत नाहीत, थोड्या महाग पडतात, जून ते सप्टेंबर मी त्याच घेते. खडेबाजार, गणपत गल्लीकडं विचारलं तर दुकानदार दोन्ही दाखवतो, फक्त हातात घेऊन वाकवून बघा.

फोमच्या जाड शीटबद्दल दोनच वाक्यं, त्या दाबून कापू नका, दाबल्यावर फोम पसरतो आणि सोडल्यावर कड आत गेलेली दिसते, लांब ब्लेड काढून, साबणाच्या पाण्यात बुडवून, ओढत ओढत कापा. आणि लेझरवाल्याकडं चिकट शीट कापायला द्यायची असेल तर त्यात पीव्हीसी नाही ना हे आधी विचारा, पीव्हीसी जळाली की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर होतो, माणसालाही वाईट आणि त्याच्या मशीनलाही.

राहता राहिली अक्षरं, आणि आपल्या भागात हा प्रश्न जरा जास्तच येतो कारण टॅग दोन्ही भाषांत लागतात. घरच्यांना मराठी, व्याही धारवाडकडचे, मग त्यांच्यासाठी कन्नड. मी हे काम रेडियमवाल्याकडं देते, चिकट शीट लावलेला सोनेरी कागद त्याच्या कटिंग मशीनवर हाफ कट करून घेते. त्याला तीन गोष्टी सांगायच्या, आधी कोपऱ्यात छोट्या चौकोनाचा टेस्ट कट घे, स्पीड कमी ठेव, आणि सांगाडा माझ्यासमोरच सोलून दे, उद्या ये म्हणू नको. तिसरी का ते वर आलंच आहे. शिवाय अक्षरांचे आतले कोपरे अगदी टोकदार ठेवू नका, जराशी गोलाई दिली तर सोलताना कोपरा उचलला जात नाही.

मराठी अक्षरं कापायला सोपी, हे मला मशीनसमोर उभं राहिल्यावर कळलं. शिरोरेषेमुळं आख्खा शब्द एकच तुकडा होतो, एका टोकाला धरून उचलला की गणेशवाडी काय असेल ते सगळं एका ओळीत येतं, सरळ चिकटतं. कन्नड अक्षरं गोल, सुटी सुटी, आणि जोडाक्षरातलं खालचं अक्षर म्हणजे ओत्तक्षर, ते तर मूळ अक्षराला चिकटलेलंच नसतं, एका नावात आठ-दहा तुकडे. ते एकेक चिमट्यानं लावत बसलं की ओळ नाचते. त्याला मास्किंग टेप, रंगारी वापरतात ती, रुंद बघून घ्यायची. तिची चिकट बाजू आधी दोन-तीनदा साडीच्या पदराला किंवा परकराला लावून जोर कमी करायचा, मग अक्षरांच्या वरनं लावून सगळं नाव एकदम उचलायचं, वस्तूवर ठेवून दाबायचं आणि टेप हळूच, वस्तूला लगटून मागं दुमडत काढायची. इथं मागचा घट्ट कागद अक्षरांना सोडत नसेल तर टेप वर ओढण्यापेक्षा सगळं पालथं घालून कागदच टेपपासून मागं ओढा, लगेच सुटतो.

मराठीत फसवतो तो अनुस्वार. शब्द उचलला जातो आणि टिंब मागंच राहतं, किंवा सांगाड्याबरोबर कचऱ्यात जातं. एका ऑर्डरीत मी ‘आनंद’चे वीस टॅग दिले, त्यातले सहा ‘आनद’ गेले, नवरीच्या मावशीनं दाखवून दिलं. तेव्हापासनं टिंबं मशीनवर कापतच नाही. फाइलला भोकं पाडायचं ऑफिसचं साधं पंचिंग मशीन घेते, त्याचं भोक सहा मिलीमीटरचं, चिकट शीट लावलेल्याच सोनेरी कागदाला भोकं पाडते, डब्यात पडतात ती टिंबं, मागं गम लागलेलाच. कागद सोलायला त्यांच्या पाठीवरही ती हलकी रेघ आधीच ओढलेली असते. मोठ्या नावांना हे टिंब बरोबर बसतं, बारीक अक्षरांना मोठं दिसतं, तिथं चामड्याची भोकं पाडायचा पंच वापरते, तीन मिलीमीटरचा. ऑफिसचं पंचिंग मात्र वीस-पंचवीस टिंबांनंतर आत गम धरून अडकतं, तेव्हा बटर पेपरची चार घड्यांची पट्टी घेऊन तिला पाच-सहा भोकं पाडायची, सुटतं.